झाकण मिटलंच नव्हतं

बाबांचा लॅपटॉप वर्षभर आजारी होता, त्याची ही हकीकत. थोडी लांबली आहे आणि मधेमधे तांत्रिक पुराण येणार आहे, तेव्हा कंटाळा आला तर खुशाल परिच्छेद गाळा. नातेवाईक मंडळींना यातला अर्धा भाग फोनवरून कळलेलाच आहे. उरलेला अर्धा मी मुद्दाम सांगितला नव्हता, तो आज सांगतो.

२०२४च्या दिवाळीत मी बाबांना लॅपटॉप घेऊन दिला. 'घेऊन दिला' म्हणजे सेकंडहँड. कंपन्या आपले जुने लॅपटॉप घाऊक भावात काढून टाकतात आणि ते पुसून-पासून दुकानात येतात, त्यातला एक. २०१३च्या सुमाराचा, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, कीबोर्ड दणकट, वजन पाटा-वरवंट्याच्या जवळपास. दुकानदाराने मूळच्या चार जीबी रॅमशेजारी आणखी चार जीबीची एक पट्टी बसवली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली आणि "साहेब, पाच वर्षं बघायला नको" असं म्हणून पिशवीत घालून दिला. नवा घेण्याइतके पैसे नव्हते असं काही नाही. "बाबांना काय, टाइपच तर करायचंय" असा माझा हिशोब होता.

बाबा लातूरला असतात, मी पुण्यात. ते वीज मंडळात ऑपरेटर होते, सगळी नोकरी सबस्टेशनवर पाळ्या करण्यात गेली. निवृत्तीनंतर बरीच वर्षं काही न करता काढली आणि मग एक दिवस म्हणाले, "नोकरीतलं थोडं लिहून ठेवावं म्हणतो." आम्ही सगळे खूश. फोनेटिक कीबोर्ड शिकायला त्यांना दोन महिने लागले. एका बोटाने, पण शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं!

जानेवारी २०२५पासून तक्रारी सुरू झाल्या.

"अरे, हा लिहिता लिहिता झोपतो."

"म्हणजे?"

"म्हणजे झोपतो. पडदा काळा होतो, बाजूचा दिवा लुकलुकायला लागतो. बटण दाबून उठवला की अर्ध्या मिनिटात परत झोपतो. कधी कधी तर उठतच नाही. बटण धरून मारावा लागतो."

मी फोनवरच निदान केलं. "तुमचं बोट कुठेतरी लागत असेल." नंतरच्या वेळी, "चार्जरची पिन नीट बसली नसेल." मग, "एका वेळी किती खिडक्या उघडता हो?" गंमत म्हणजे मला फोन लावला की लॅपटॉप शहाण्यासारखा चालायचा. "आता चालतोय बघ," असं बाबा जरा ओशाळून म्हणायचे आणि मी "मग झालं तर" म्हणून फोन ठेवायचो. मोटारसायकल मेकॅनिककडे नेली की आवाज करायची थांबते, तसलाच प्रकार. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एकदा बाबा म्हणाले, "मला वाटतं, याचा फोनशी संबंध आहे. फोन येऊन गेला की हा झोपतो. लहरींचा काहीतरी परिणाम असेल." यावर मी हसलो. नुसता हसलो नाही, ताईला सांगितलं, तीही हसली. रात्री उशाशी मोबाइल ठेवला की डोकं दुखतं म्हणणाऱ्या मंडळींच्या यादीत मी माझ्या वडिलांना जमा करून टाकलं.

सप्टेंबरमध्ये लॅपटॉपने त्यांची चौदा पानं खाल्ली.

ही पानं कसली होती ते सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा बाबा उमरग्याकडच्या एका सबस्टेशनवर रात्रपाळीला होते. गणपती विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांबरोबर त्या रात्री एक हेल्पर होता आणि त्याचं घर सास्तूरला होतं. घरात आम्हाला एवढंच माहीत होतं. यापलीकडे बाबा कधी बोलले नाहीत. आम्ही लहानपणी विचारायचो तेव्हा आई डोळ्यांनी गप्प बसवायची. तर ती रात्र त्यांनी लिहायला घेतली होती. महिनाभर लिहीत होते. एके दिवशी फाइल साठवताना लॅपटॉप अडकला तो अडकलाच. बटण धरून बंद केला, पुन्हा सुरू केला, तर 'फाइल खराब झाली आहे' असा निरोप.

फाइल मी मागवून घेतली. हल्लीच्या वर्डच्या फाइली म्हणजे आतून झिप केलेलं गाठोडंच असतं, त्यामुळे ते गाठोडं फोडून थोडंफार काढता येतं. पहिलं दीड पान हाती लागलं. बाकी नाही. आणि बॅकअप? "पुढच्या खेपेला लावून देतो" असं मी मार्चपासून म्हणत होतो.

"बाबा, पुन्हा लिहा ना," मी म्हणालो.

"एकदा लिहायला बत्तीस वर्षं लागली," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. मग पावसाचं बोलले.

त्यानंतर त्यांनी लॅपटॉप उघडला नाही, असं ताईकडून कळलं.

दिवाळीत मी गेलो तो हत्यारं घेऊनच. स्वतःवरचा राग असला की माणूस यंत्रावर काढतो. एका दिवसात मी तीन कामं केली. मागचं झाकण खोलून पंखा साफ केला, त्यात गोधडीला पुरेल इतका कापूस निघाला. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. बॅटरी बदलली. वर विंडोज १० काढून लिनक्स मिंट टाकलं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला होताच आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही, त्यामुळे ते करणं भागच होतं. म्हणजे तीन नव्हे, चार कामं. सगळी एकदम. 'आता बघू कसा झोपतो' अशा थाटात मी पुण्याला परतलो.

मी सांगितलं म्हणून बाबांनी लॅपटॉप पुन्हा उघडला, पत्रं वगैरे लिहू लागले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. "झोपला."

या वेळी मात्र माझ्याकडे पुरावा होता. लिनक्स सगळ्याची नोंद ठेवतं. कोणत्या आज्ञा द्यायच्या ते मी फोनवरून सांगितलं आणि बाबांनी पडद्याचा फोटो काढून पाठवला. सकाळी १० वाजून २४ मिनिटांनी स्वच्छ नोंद होती, 'लिड क्लोज्ड'. म्हणजे झाकण मिटलं. त्यानंतर लगेच झोपेची तयारी.

"बाबा, तुम्ही झाकण मिटलंत."

"नाही मिटलं."

"अहो, इथे लिहिलंय."

"मी समोर बसलो होतो. झाकण उघडं होतं."

"बाबा, यंत्र खोटं बोलत नाही."

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

हे 'बरं' मला आठ-दहा दिवस पुरलं. कामात असताना, गाडी चालवताना मधेच आठवायचं. डिसेंबरात चार दिवसांची रजा काढून लातूरची रात्रीची गाडी पकडली.

सकाळी चहा झाल्यावर बाबांनी कपाटातून एक वही आणून माझ्यापुढे ठेवली. दोनशे पानी, रेघांची. पहिल्याच पानावर पट्टीने आखलेले रकाने होते. दिनांक, वेळ, काय चालू होतं, काय झालं, शेरा. वर मोठ्या अक्षरात शीर्षक होतं, 'ट्रिपिंग रजिस्टर'.

सबस्टेशनवर असं रजिस्टर असतं. ऑपरेटरने तासातासाला व्होल्टेज, लोड, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान लिहायचं आणि कुठली लाइन ट्रिप झाली की वेळेसकट त्याची नोंद करायची. बाबांनी वर्षभर लॅपटॉपची अशी नोंद ठेवली होती. मी हसलो तेव्हाही. 'तुमचं बोट लागलं असेल' म्हणालो तेव्हाही.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"तू विचारलंस कधी?"

एकूण ४१ नोंदी होत्या. मी कागद घेऊन बसलो आणि वर्गवारी केली. त्यातल्या ३८ नोंदींत लॅपटॉप आपोआप झोपला होता. या ३८पैकी २९ वेळा तो पुन्हा उठला, ९ वेळा उठलाच नाही. राहिलेल्या ३ नोंदी वेगळ्या होत्या. झोप वगैरे काही नाही, चालू असतानाच थिजला. चौदा पानांचा दिवस या तिनांत होता. त्या ओळीच्या शेऱ्यात फक्त एक आडवी रेघ होती.

आपोआप झोपण्याच्या ३८ नोंदींपैकी ३१ ठिकाणी शेऱ्यात 'फोन' हा शब्द होता. 'मुलीचा फोन येऊन गेला.' 'बँकेचा फोन.' 'मुलीचा फोन.' ताई रोज सकाळी दहाच्या सुमाराला बाबांना फोन करते. नोव्हेंबरमधली १० वाजून २४ मिनिटांची नोंदही होती. शेरा, 'मुलीचा फोन. झाकण उघडे होते.' 'उघडे होते' खाली रेघ.

एकतीस! याला योगायोग म्हणायची सोय नव्हती.

मग आम्ही दोघं प्रयोगाला बसलो. बाबांना म्हटलं, फोन आल्यावर करता तसंच करा. ते बोलल्याचा अभिनय करून झाल्यावर त्यांनी फोन डाव्या हाताने लॅपटॉपवरच ठेवला, टचपॅडच्या डावीकडे मनगट टेकायची सपाट जागा असते तिथे. टेबल लहान आहे, उजवीकडे चहा असतो. दोन सेकंदांत पडदा काळा.

फोन फ्लाइट मोडवर टाकून ठेवला, तरी झोपला. फोन पूर्ण बंद करून ठेवला, तरी झोपला. म्हणजे लहरी बाद. मग फोन कव्हरमधून काढून नुसता ठेवला. काही नाही, लॅपटॉप मजेत चालू. शेवटी नुसतं रिकामं कव्हर ठेवलं. झोपला!

कव्हर पुस्तकासारखं मिटणारं होतं, आणि मिटल्यावर चिकटून राहावं म्हणून त्याच्या पट्टीत लोहचुंबक होतं.

आता यामागचं कारण. लॅपटॉपचं झाकण मिटलं की उघडं, हे त्याला कसं कळतं? बहुतेक लॅपटॉपमध्ये त्यासाठी खटका नसतो. झाकणाच्या कडेत एक बारीक चुंबक बसवलेलं असतं आणि खाली, मनगट टेकतो त्या भागाच्या आत, चुंबक जवळ आलं की ओळखणारा एक सेन्सर असतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो, म्हणून त्याला हॉल सेन्सर म्हणतात. चुंबक जवळ आलं, अर्थात झाकण मिटलं. एवढंच त्या सेन्सरला समजतं. झाकणाचं चुंबक कोणतं आणि फोनच्या कव्हरचं कोणतं, हे त्याला कळायचं काही कारण नाही. फोन तिथेच असेपर्यंत झाकण त्याच्या लेखी मिटलेलंच, त्यामुळे उठवल्यावर अर्ध्या मिनिटात तो पुन्हा झोपायचा. आणि मला तक्रार करायला बाबा फोन उचलायचे की चुंबक दूर! म्हणून माझ्याशी बोलताना लॅपटॉप नेहमी शहाण्यासारखा वागला.

यंत्र खोटं बोलत नव्हतं हे खरंच. बाबाही बोलत नव्हते. यंत्राने 'चुंबक आलं' एवढंच पाहिलं होतं, 'झाकण मिटलं' हा त्याचा अर्थ होता. झाकण प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार एकच होता आणि त्याला मी 'इथे लिहिलंय' म्हणून गप्प केलं.

उरलेल्या सात नोंदींचा उलगडा दुपारी झाला. बाबांच्या चष्म्याच्या घराचं झाकणही चुंबकाचं निघालं.

पण हे अर्धंच झालं. झोपला तर झोपला, उठायला हवा की नाही? नऊ वेळा उठला नाही आणि तीन वेळा चालता चालता थिजला, त्याचं काय? चुंबकाने लॅपटॉप झोपेल, मरणार नाही. वर्षभर मी 'बंद पडतो' या एकाच नावाखाली दोन आजार घातले होते, म्हणून कुठलंच औषध लागू पडत नव्हतं.

विंडोज गेलं, लिनक्स आलं, तरी उठण्याची रड तशीच होती. दोन वेगळ्या प्रणालींवर तोच दोष दिसतो तेव्हा संशय यंत्राच्या अवयवांवर जातो. पंखा आणि पेस्ट झालेली होतीच. राहिली रॅम. मेमटेस्ट नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे, तो पेनड्राइव्हवरून थेट सुरू होतो आणि रॅमच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहून ते जसंच्या तसं परत मिळतं का हे रात्रभर तपासत बसतो. रात्री लावून झोपलो. पहाटे पाणी प्यायला उठलो तर पडद्यावर लाल ओळी होत्या. फार नाही, सहा. पण रॅमच्या बाबतीत एकसुद्धा चूक चालत नाही.

दुसऱ्या दिवशी एक पट्टी काढून फक्त दुसरीवर चाचणी, मग उलट. मूळची पट्टी कित्येक तास स्वच्छ. दुकानदाराने वाढवून दिलेल्या पट्टीवर दोन तासांनी लाल ओळी. दोष खाचेचा नाही ना, हे बघायला तीच पट्टी दुसऱ्या खाचेत घालून पाहिली, तिथेही लाल. आरोपी सापडला.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विजेची एक अतिशय बारीक टाकी असते आणि ती सतत गळत असते. म्हणून ती वारंवार भरावी लागते. साधारणपणे ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत, सगळ्या टाक्या एकदा भरून निघायला हव्यात. लॅपटॉप झोपतो तेव्हा प्रोसेसर, पडदा, डिस्क सगळ्यांची वीज तोडलेली असते. फक्त रॅमला थोडी वीज चालू ठेवतात आणि ती स्वतःच्या टाक्या स्वतः भरत बसते, कारण कुठल्या ओळीवर थांबलो होतो हे तिलाच लक्षात ठेवायचं असतं. एखादी टाकी जास्त गळकी असली की जागं होताना तिथे भलतंच सापडतं आणि गाडी जागच्या जागी अडकते. जागेपणीही तेच होऊ शकतं. त्या गळक्या जागी नेमकं बाबांचं पान असेल, तर फाइल बिघडूनच डिस्कवर लिहिली जाते.

हे मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांना फार सांगावं लागलं नाही, त्यांचा जन्म विजेत गेला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "लाइन ट्रिप झाली की रिलेचा फ्लॅग पडतो. कुठल्या रिलेने तोडली ते त्या फ्लॅगवरून कळतं. नवा पोरगा असला की घाईघाईने आधी रिसेट मारतो आणि लाइन चालू करायला बघतो. मग फ्लॅग गेला, आता शोधत बस. आम्हाला पहिलं शिकवायचे, आधी फ्लॅग वाच, रजिस्टरात लिही, मग रिसेट."

माझ्याबद्दल बोलत नव्हते ते. निदान तसं दाखवलं नाही. पण मी वर्षभर दुसरं काय केलं होतं? 'बंद करून चालू करा' हा माझा पहिला सल्ला, आणि दिवाळीतली चार कामं म्हणजे चार रिसेट एकदम.

नवी पट्टी, म्हणजे अर्थात जुनीच, नंतर मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून सहाशे रुपयांना घेतली. रात्रभर तपासून मगच कुरियरने लातूरला पाठवली आणि बाबांनी स्वतः स्क्रू काढून बसवली. तोवर चार जीबीवर काम छान चाललं होतं. झाकण मिटल्यावर काहीही करू नये, अशी सेटिंगमध्ये व्यवस्था केली. संध्याकाळी काम झालं की बाबा स्वतः मेनूतून झोपवतात. फ्रिजवरचं एक चुंबक फिरवून सेन्सरची नेमकी जागा शोधली, रुपयाच्या नाण्याएवढी आहे. तिथे बाबांनी लाल पट्टी चिकटवली आणि वर पेनाने लिहिलं, 'सावधान'. आणि बॅकअप लावला. लागली वीस मिनिटं. मार्चपासून जे जमत नव्हतं ते वीस मिनिटांचं काम होतं.

तुमच्यापैकी कुणाचा जुना लॅपटॉप असाच वागत असेल तर आधी आजूबाजूचं चुंबक बघा. फोनचं कव्हर, चष्म्याचं घर, घड्याळाचा पट्टा, डायरीचं बटण. मग रॅम तपासा, एक रात्र लागते आणि पैसे लागत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि वापरणारं माणूस काय सांगतंय ते लिहून घ्या. कारण त्याला चुकीचं वाटत असेल, लहरी म्हणेल, नजर लागली म्हणेल, पण काय घडलं आणि कधी घडलं हे त्याच्याइतकं कुणीच पाहिलेलं नसतं.

निघताना मी बाबांना म्हटलं, "मी तुमचं ऐकायला हवं होतं." ते म्हणाले, "गाडी चुकेल." आमच्या घरात याला माफी मिळणं म्हणतात :)

काही आठवड्यांनी त्यांनी ती रात्र पुन्हा लिहायला घेतली. मी वाचवलेलं दीड पान त्यांनी वापरलं नाही. म्हणाले, ते सगळं सबस्टेशनबद्दल होतं, आता त्या हेल्परपासूनच सुरू करतो. नऊ पानं झाली आहेत. रोज संध्याकाळी त्यांची एक प्रत माझ्याकडे येते आणि मी ती उघडून पाहत नाही. फक्त फाइल शाबूत आहे की नाही ते तपासतो. पुरं झालं की वाचायला देतो म्हणाले आहेत.

रजिस्टर चालूच आहे. परवा ताईने त्याच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. दर रविवारी एक ओळ असते. दिनांक, आणि पुढे 'ट्रिपिंग - निरंक'.